बरी सुरुवात

पहिल्या कामाला नाव देताना माणूस सहसा मोठा शब्द शोधतो. दुकानाची पाटी असो, मासिकाचा पहिला अंक असो, की चार मित्रांनी मिळून उभी केलेली नाट्यसंस्था असो. नावात प्रभात, क्रांती, सुवर्ण असे काहीतरी असावे, असे सर्वांनाच वाटते. नाव मोठे असले म्हणजे कामही मोठे होईल, अशी एक भाबडी श्रद्धा त्यामागे असते. १९९९ साली आइसलँड या देशातील चार तरुणांनी मात्र आपल्या गाण्यांच्या अल्बमला ‘औगाइतिस बिर्युन’ असे नाव दिले. आइसलँडिक भाषेतील या शब्दांचा अर्थ आहे ‘बरी सुरुवात’. गंमत अशी की, तो त्यांचा पहिला अल्बम नव्हता, दुसरा होता. पाच वर्षे एकत्र वाजवून, एक अल्बम पुरा करून झाल्यावर ही मंडळी म्हणत होती, सुरुवात बरी झाली! या साध्या नावामागे चौघांच्या मैत्रीची आणि परिश्रमांची कहाणी आहे.

आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातील एक बेट. ते उत्तर ध्रुववृत्ताच्या अगदी जवळ असल्यामुळे तेथील हिवाळा लांबलचक असतो. डिसेंबरच्या अखेरीस राजधानी रेक्याविकमध्ये दिवसाकाठी जेमतेम चार तास सूर्यदर्शन होते. गेल्या शतकाच्या अखेरीस या संपूर्ण देशाची लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास होती. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढीच. बाहेर काळोख आणि बर्फ असताना घरात बसून वाचावे, लिहावे, गावे-वाजवावे, हे तेथील तरुणांना नवे नाही. जानेवारी १९९४ मध्ये अशाच हिवाळ्यात विशीच्या उंबरठ्यावर असलेली तीन मुले एकत्र आली. योन थोर बिर्गिसन हा गिटार वाजवी आणि गाई. त्याला सारे ‘योन्सी’ म्हणतात. गेओर्ग होल्म बेस गिटार वाजवी, तर औगुस्त आइवार गुन्नार्सन ड्रम वाजवी. त्याच सुमारास योन्सीला एक धाकटी बहीण झाली. तिचे नाव ‘सिगुररोस’ ठेवण्यात आले होते. ‘सिगुर’ म्हणजे विजय आणि ‘रोस’ म्हणजे गुलाब. मुलांनी तेच नाव दोन शब्दांत तोडून आपल्या वाद्यवृंदाला दिले. नावात विजय आला खरा. पण तो पाळण्यातल्या मुलीचा होता.

या मुलांचे संगीत पुढे ज्या प्रकारात गणले गेले, त्याला ‘पोस्ट-रॉक’ म्हणतात. हा शब्द १९९४ साली सायमन रेनॉल्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या लेखनामुळे रूढ झाला. रॉक संगीतातील गिटार, बेस, ड्रम ही नेहमीचीच वाद्ये घ्यावयाची, परंतु त्यांच्याकडून नेहमीचे काम करवून घ्यावयाचे नाही, असे या प्रकाराचे थोडक्यात वर्णन करता येईल. नेहमीच्या रॉक गीतात कडवे, ध्रुवपद, पुन्हा कडवे असा क्रम असतो, तीन-चार मिनिटांत गाणे संपते आणि गायक सर्वांच्या पुढे उभा असतो. पोस्ट-रॉकमध्ये एकच रचना दहा-दहा मिनिटे चालते. एखादा स्वर आधी अगदी हळू, जणू दूर डोंगरापलीकडून ऐकू येतो. त्यावर दुसरा थर चढतो, मग तिसरा. स्वरांची दाटी वाढत वाढत शिगेला पोहोचते आणि पुन्हा ओसरते. गाण्याचे बोल येथे दुय्यम असतात. पुष्कळदा ते नसतातच. मुख्य असतो तो नाद आणि त्याची चढती-उतरती घनता. म्हणूनच या प्रकारात एकट्याच्या कौशल्याला फारसा वाव नसतो. सोबत्याचा थर चढत असताना आपण किती थांबावयाचे, हे ज्याला कळते तोच येथे टिकतो.

हे थांबणे शिकणे सोपे नसते. नव्याने वाजवू लागलेल्या मित्रांचा पहिला कल असतो तो सर्वांनी एकाच वेळी, मोठ्याने वाजवण्याकडे. प्रत्येकाला वाटते की, आपले वाद्य ऐकू आले पाहिजे. परिणामी कोणाचेच धड ऐकू येत नाही. पुढे एखादे दिवशी कोणीतरी हात आखडता घेतो आणि त्या रिकाम्या जागेतून दुसऱ्याचा स्वर स्वच्छ उमटतो. तेव्हा प्रथमच ध्यानात येते की, न वाजवणे हीदेखील वाजवण्याचीच एक रीत आहे. मैत्रीतही असेच घडत असते.

या तिघांचे पहिले गाणे लवकरच लोकांपुढे आले. आइसलँडच्या प्रजासत्ताकाला १९९४ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने काढलेल्या एका गीतसंग्रहात ‘उड’ अशा अर्थाचे त्यांचे एक गीत समाविष्ट झाले. हा संग्रह ‘स्मेक्लेसा’ या रेक्याविकमधील लहानशा प्रकाशनसंस्थेने काढला होता. ‘स्मेक्लेसा’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘अभिरुचीचा अभाव’ असा आहे. पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका ब्यर्क आणि तिचे सहकारी या संस्थेशी प्रारंभापासून निगडित होते. विक्रीची फारशी फिकीर न करता, जे वेगळे आहे ते छापावे, असा या संस्थेचा बाणा होता. तिनेच या मुलांचा पहिला अल्बम काढण्याचे ठरवले.

अल्बम काढणे म्हणजे आठ-दहा गाणी सलग वाजवून मोकळे होणे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात ते घर बांधण्यासारखे काम आहे. आधी ड्रम आणि बेस यांचा पाया घालतात. त्यावर गिटारच्या भिंती उभ्या राहतात. कंठस्वर पुष्कळदा सर्वांत शेवटी चढवतात. प्रत्येक वाद्याची पट्टी वेगळी मुद्रित होते आणि अखेरीस या साऱ्या पट्ट्यांचा मेळ घालून, कोणाचा आवाज किती ठेवावयाचा हे ठरवून, एक गाणे सिद्ध होते. या कामात यंत्रसामग्री लागते, जाणकार तंत्रज्ञ लागतो आणि मुख्य म्हणजे स्टुडिओत वेळ लागतो. स्टुडिओचा वेळ तासांवर मोजला जातो आणि त्याचे पैसे मोजावे लागतात. विशीतल्या मुलांच्या खिशात ते कोठून असणार? तेव्हा त्यांनी वेगळा मार्ग काढला. स्टुडिओतील वेळेच्या मोबदल्यात त्यांनी तो स्टुडिओ रंगवून दिला. ज्या भिंतींमध्ये त्यांचे स्वर घुमले, त्या भिंतींना रंग देणारे हातही त्यांचेच होते. कलावंत म्हटला की त्याने केवळ कलेचेच चिंतन करावे, असा एक समज आहे. पण हातात कुंचला आहे तो चित्राचा की भिंतीचा, याची पर्वा न करणाऱ्यालाच आपले काम तडीस नेता येते.

असा हा पहिला अल्बम १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे नाव होते ‘वोन’, म्हणजे ‘आशा’. तो काळोखा, लांबलचक आणि गूढ होता. त्यात सुरावटीपेक्षा आवाजांची वळणेच अधिक होती. आइसलँडमध्ये त्याच्या अगदी मोजक्या प्रती खपल्या आणि देशाबाहेर तर त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक झाले नाही. तीन वर्षांची मेहनत अशी निमूटपणे दुकानाच्या फळीवर पडून राहिली. अशा वेळी पुष्कळ मित्रमंडळे फुटतात. कोणाला नोकरीची आठवण होते, कोणाला राहून गेलेल्या शिक्षणाची. आणि सर्वांत वाईट म्हणजे, दोष कोणाचा याची चर्चा सुरू होते.

या मुलांनी काय केले? १९९८ साली त्यांनी त्याच गाण्यांची नवी रूपे असलेला एक संग्रह काढला. ‘वोन’मधील गाणी इतर आइसलँडिक कलावंतांच्या हाती सोपवून, त्यांना ती हवी तशी मोडूतोडू दिली. या संग्रहाचे नाव होते ‘वोन ब्रिग्दी’. हे दोन शब्द वेगळे वाचले तर ‘आशेची रूपांतरे’ असा अर्थ निघतो आणि जोडून वाचले तर ‘निराशा’. मराठीत आशेच्या आधी एक अक्षर लागले की निराशा होते. आइसलँडिक भाषेत आशेच्या पुढे काही अक्षरे लागली की तेच होते. अपयश लपवण्याऐवजी त्यांनी ते मुखपृष्ठावर छापले आणि शब्दांच्या मध्ये एक मोकळी जागा सोडून त्याचा अर्थ पालटला. स्वतःच्या निराशेवर अशी कोटी करता येणे, हे मन मोडले नसल्याचे लक्षण होय.

त्याच वर्षी, १९९८ मध्ये, क्यार्तान स्वेइन्सन हा चौथा मित्र त्यांना येऊन मिळाला. तो पियानो आणि इतर सुरांची वाद्ये वाजवी. चौघांमध्ये संगीताचे रीतसर शिक्षण झालेला तो एकटाच होता. शिकलेला आणि न शिकलेला यांचे सहकार्य ही नेहमीच नाजूक बाब असते. शिकलेल्याला न शिकलेल्याच्या चुका टोचतात आणि न शिकलेल्याला शिकलेल्याचे नियम काचतात. येथे मात्र एकाच्या ज्ञानाने दुसऱ्याच्या धाडसाला चौकट पुरवली. तोवरच्या धूसर, काळोख्या नादांना आता सुरावट लाभली आणि तंतुवाद्यांची साथ आली. त्यांच्या ‘स्तारऔल्फुर’ या गीतातील तंतुवाद्यांची सुरावट तर उलटसुलट कशीही वाजवली तरी तशीच राहील, अशी बांधलेली आहे. ‘चिमा काय कामाची’ हे वाक्य जसे दोन्ही बाजूंनी सारखेच वाचता येते, तसाच हा प्रकार. अशी रचना करण्यास शिक्षण लागते. पण ती तिघांच्या रानवट नादामध्ये बसवण्यास आणखी काहीतरी लागते.

१९९८ च्या उन्हाळ्यात दुसऱ्या अल्बमचे काम सुरू झाले. या वेळी केन थॉमस हा अनुभवी इंग्रज ध्वनिनिर्माता त्यांच्या मदतीला होता. काम १९९९ च्या वसंत ऋतूपर्यंत चालले. योन्सी गिटार बोटांनी छेडण्याऐवजी तिच्यावर चेलोचा गज फिरवीत असे. गिटारवर गज फिरवण्याची कल्पना अगदीच नवी नव्हती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जिमी पेज या प्रसिद्ध वादकाने व्हायोलिनच्या गजाने तो चमत्कार करून दाखवला होता. पण त्याच्या हाती जो क्षणभराचा चमत्कार होता, तो योन्सीच्या हाती रोजचा श्वास झाला. गज फिरू लागला की गिटारचा आवाज लांबतो, कण्हतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यासारखा घोंगावतो. ‘नी बात्तेरी’ या गीतासाठी तर त्यांनी रेक्याविकच्या रस्त्यावर सापडलेली एक मोडकी झांज वापरली. एखादी मोटार तिच्यावरून गेली असावी, इतकी ती वाकलेली होती. चांगल्या झांजेतून जो नाद कधीच निघाला नसता, तो तिने दिला. साधने अपुरी असण्याचे दुःख प्रत्येक नवशिक्याला असते. हाताशी असलेल्या वाकड्या वस्तूचा स्वर लक्षपूर्वक ऐकणे, हा त्यावरचा एक उपाय आहे.

ध्वनिमुद्रणाचा एक निष्ठुर गुण असा की, ते आरशासारखे वागते. समोरासमोर वाजवताना उत्साहाच्या भरात बारीकसारीक चुका विरून जातात. ध्वनिमुद्रित झालेली चूक मात्र जितक्या वेळा ऐकावी तितक्या वेळा तेथेच उभी असते. आपण समजत होतो तेवढे आपण चांगले नाही, हे प्रत्येकाला स्टुडिओत कळते आणि तेही मित्रांच्या देखत. ज्या मंडळात एकमेकांची चूक दाखवता येते आणि तरीही संध्याकाळी एकत्र जेवायला बसता येते, तेच मंडळ अल्बम पुरा करू शकते.

या अल्बमसाठी रचलेल्या पहिल्या गीतांपैकी एक त्यांनी एका मित्राला ऐकवले. त्याने ऐकून शांतपणे मत दिले, ते असे की, ही सुरुवात बरी आहे. मित्रांकडून आलेले हे मत किती मोलाचे! ‘अप्रतिम’ म्हणणारे लोक सहज भेटतात, ‘टाकाऊ’ म्हणणारे त्याहून सहज. ‘बरी’ असे तोलून-मापून सांगणारा माणूस दुर्मीळ असतो. मराठीतील ‘बरा’ हा शब्दही असाच मजेदार आहे. गाणे कसे झाले या प्रश्नाला ‘बरे झाले’ असे उत्तर आले तर गाणाऱ्याचा चेहरा पडतो. पण आजारी माणूस ‘बरा झाला’ म्हटले की घरात आनंद पसरतो. ‘तू आलास ते बरे केलेस’ यात तर स्वागताची सारी ऊब आहे. ज्याला दुसरी पायरी चढावयाची आहे, त्याला पहिली पायरी ‘बरी’ असली तरी पुरते. मुलांनी त्या गीताला मित्राच्या शब्दांचेच नाव दिले आणि पुढे साऱ्या अल्बमलाही तेच दिले.

याचा अर्थ ती विनयाची मूर्ती होती, असे मात्र नाही. त्याच सुमारास त्यांनी जाहीर केले होते की, आपण संगीताचे आणि लोकांच्या संगीतविषयक विचारांचे स्वरूप कायमचे बदलून टाकणार आहोत आणि हे आपल्याकडून होणार नाही, असे कोणी समजू नये. एकीकडे ही गर्जना आणि दुसरीकडे ‘बरी सुरुवात’ हे नाव! वरवर पाहता या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पण विचार केल्यास त्या परस्परांना पूरक वाटतात. मोठे स्वप्न नसेल तर माणूस काळोखात भिंती रंगवीत बसणार नाही. आणि झालेल्या कामाकडे कठोरपणे पाहता आले नाही, तर स्वप्न नुसते स्वप्नच राहील. स्वप्नाविषयी बोलताना आवाज चढावा आणि कामाविषयी बोलताना तो उतरावा, हे तरुणपणी साधले तर फार मोठी गोष्ट साधली.

या अल्बममध्ये एकूण दहा रचना आहेत. आरंभीची छोटी प्रस्तावना म्हणजे नवव्या, ‘बरी सुरुवात’ याच गीताचा एक अंश आहे, पण उलटा वाजवलेला. म्हणजे श्रोत्याच्या कानी जी सुरुवात पडते, तिच्यात शेवटाकडील गीत उलट दिशेने वाहत असते. काही ठिकाणी योन्सी जे बोल गातो, ते कोणत्याच भाषेतील नाहीत. ‘वोन’ या पहिल्या अल्बममधील एका गीतापासून त्याने ही रीत अवलंबिली आणि म्हणून या बोलांना ‘वोनलेन्स्का’, म्हणजे ‘आशेची भाषा’, असे म्हणतात. तिला शब्दकोश नाही, व्याकरण नाही. सुरावटीला शोभतील अशा अक्षरांचा तो नाद असतो. हिंदुस्थानी संगीतातील तराणा ऐकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. तराण्यातही ‘तनन’, ‘देरेना’ अशा अक्षरांतून गायक रंग भरतो आणि त्यांचा अर्थ कोणी विचारीत नाही. तीन लाखांहूनही कमी लोकांच्या भाषेत गाणारा हा गायक ही आशेची भाषा बोलू लागला, तेव्हा जगातील सारेच श्रोते एका पातळीवर आले. ती न समजण्यात रेक्याविकचा शेजारी आणि दूरदेशीचा परका हे दोघेही सारखेच झाले.

अल्बम पुरा झाला, तरी काम संपले नव्हते. मुखपृष्ठावर पंख असलेल्या गर्भस्थ बालकाचे रेखाचित्र होते. पहिल्या आवृत्तीची पाकिटे छापून आली, तेव्हा ती चिकटवण्याचे काम मुलांनी स्वतःच केले. या कामात डिंक तबकड्यांना लागला आणि त्यांतील पुष्कळशा तबकड्या वाया गेल्या. जवळजवळ वर्षभर जपलेले स्वर असे चिकट बोटांनी खराब व्हावेत, यात दुःखही आहे आणि हसूही. १२ जून १९९९ रोजी अल्बम आइसलँडमध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच दिवशी रेक्याविकच्या ऑपेरागृहात त्यांनी जाहीर कार्यक्रम केला. २०१९ साली या अल्बमला वीस वर्षे झाली, तेव्हा नव्या आवृत्तीसोबत त्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध करण्यात आले.

यश येत असतानाच एक वियोगही घडला. अल्बमचे ध्वनिमुद्रण आटोपल्यावर पहिल्या दिवसापासून सोबत असलेला औगुस्त वाद्यवृंद सोडून गेला. त्याच्या जागी ओर्री पाल दीरासन आला. पुढे ज्या अल्बमने या मुलांचे नाव जगभर पोहोचवले, त्यातील ड्रम औगुस्तचे आहेत. परंतु पुढच्या प्रवासात तो नाही. मित्रांनी मिळून केलेल्या कामाची ही एक अटळ बाजू आहे. सर्वांची वाट शेवटपर्यंत एकच असते असे नाही. पण एकत्र केलेल्या कामातून कोणाला वजा करता येत नाही. वादक निघून जातो, त्याचा ठेका तेथेच राहतो.

‘बरी सुरुवात’ २००० साली ब्रिटनमध्ये आणि २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. मोठमोठ्या वाद्यवृंदांबरोबर दौरे झाले, चित्रपटांत गाणी घेतली गेली. हाती पैसा आला, तेव्हा या मंडळींनी रेक्याविकजवळच्या मोस्फेल्सबाइर या गावात एक जुना, वापरात नसलेला पोहण्याचा तलाव विकत घेतला. १९३० च्या दशकात बांधलेला हा तलाव लोकरीच्या जुन्या गिरणीच्या परिसरात आहे. त्यांनी त्याचा स्टुडिओ केला आणि नावही तेच ठेवले, ‘सुन्दलॉयगिन’, म्हणजे ‘पोहण्याचा तलाव’. ज्यांनी दुसऱ्याच्या स्टुडिओच्या भिंती रंगवून वेळ मिळवला होता, त्यांना आता स्वतःच्या भिंती मिळाल्या. तेथे सिद्ध झालेला अल्बम २००२ साली आला. त्याला नावच नव्हते. मुखपृष्ठावर केवळ दोन कंस आणि त्यांमध्ये रिकामी जागा होती. त्यातील आठही गीते निनावी होती आणि सोबतच्या पुस्तिकेची पाने कोरी. श्रोत्याने ऐकावे आणि त्या पानांवर आपल्याला जे सुचेल ते लिहावे, अशी कल्पना होती. सोबत्यासाठी जागा सोडण्यापासून सुरू झालेली ही रीत अशी श्रोत्यापर्यंत येऊन पोहोचली.

२००६ च्या उन्हाळ्यात, जगाचा दौरा करून आल्यावर, त्यांनी मायदेशी गावोगावी विनामूल्य कार्यक्रम केले. कधी ओस पडलेल्या मासळीच्या कारखान्यात, कधी गावच्या लहानशा सभागृहात. एका मोठ्या धरणामुळे बुडणाऱ्या डोंगराळ प्रदेशाजवळ आंदोलकांपुढे ते विजेची वाद्ये बाजूला ठेवून वाजवले. या प्रवासावर २००७ साली ‘हेइमा’ हा चित्रपट निघाला. ‘हेइमा’ म्हणजे ‘घरी’. त्यात म्हातारी माणसे, कडेवरची मुले, शेतकरी असे सारे गाणे ऐकत बसलेले दिसतात. जगाने वाखाणल्यावर कलावंत घरी परततो तो बहुधा सत्कारासाठी. हे परतले ते ऐकवण्यासाठी.

पुढील वर्षांतही जाणे-येणे चालूच राहिले. क्यार्तान २०१३ साली वाद्यवृंदातून बाहेर पडला. ओर्री २०१८ साली बाहेर पडला. २०२२ साली क्यार्तान परत आला. २०२३ साली योन्सी, गेओर्ग आणि क्यार्तान या तिघांनी मिळून आपला आठवा अल्बम प्रसिद्ध केला. त्याचे नाव ‘आउत्ता’, म्हणजे ‘आठ’. आपल्या ‘आठ’ या शब्दाचा आणि संस्कृतातील ‘अष्ट’चा हा दूरचा भाऊबंदच म्हणावयाचा. तीस वर्षांच्या वाटचालीनंतरचे हे नाव, तेही नुसते मोजणीचे. आठ या आकड्यात मोठेपणाचा दावा नाही. आणखी एक काम पुरे झाले, एवढेच तो सांगतो.

काम पुन्हा हाती घेणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी भीती असते ती ही की, वेळ निघून गेली, आता सुरुवात कसली करावयाची? या मुलांनी एक अल्बम पडून राहिल्यावर दुसऱ्याला सुरुवात म्हटले आणि ज्याने ती केवळ ‘बरी’ आहे असे सांगितले, त्या मित्राचे बोल मुखपृष्ठावर छापले. त्यांच्याजवळ वाकडी झांज होती, रंगाचा कुंचला होता, डिंकाने भरलेली बोटे होती आणि चूक दाखवूनही सोडून न जाणारे सोबती होते. एवढी शिदोरी जमली की माणसाने निघावे. उत्तम काय ते वाटेत केव्हातरी भेटते. घरातून निघताना सुरुवात बरी असली म्हणजे झाले.